तुंबलंय कुठे, हे आधी पाण्याला विचारा

"ताई, कमोड तुंबलाय. ॲसिड टाकून पाहिलं, काही झालं नाही. आता काय टाकू?"

फोन उचलला की बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच असतं. ऐकून पोटात गोळा येतो. त्या भांड्यात आता ॲसिडचं पाणी उभं आहे आणि त्यात पुढचा हात माझा किंवा माझ्यासोबतच्या पोराचा जाणार आहे. काहीही टाकू नका. आधी बघा. एवढं एक सांगण्यासाठीच मी हे लिहितेय.

प्लंबिंगचं काम मी बावीस वर्षं करतेय. त्याआधी वडील करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यामागे टॉर्च धरायला जायचे. बाबा कुणाच्याही घरी गेले की हत्यारांची पिशवी दाराशीच ठेवायचे. घरातल्यांना चार प्रश्न विचारायचे, मग बेसिन, मोरी, सिंक, कमोड, एकेकापाशी थोडा वेळ उभे राहायचे, आणि मगच पिशवीकडे वळायचे. मला वाटायचं, बाबा उगाच वेळ घालवतात. पुढे मी स्वतः कामाला लागले आणि पहिल्याच वर्षी एका बाथरूमची फरशी फोडली. खालच्या छताला ओल होती, वर बाथरूम होतं, मला दुसरं काही सुचलंच नाही. फरशीखाली सगळं कोरडं ठणठणीत निघालं. पाणी येत होतं बेसिनमागच्या भिंतीत दडलेल्या नळाच्या पाइपमधून, आणि स्लॅबवरून दीडेक मीटर सरकत जाऊन भलतीकडेच टपकत होतं. सगळे नळ बंद करून दोन मिनिटं पाण्याच्या मीटरकडे पाहिलं असतं तर ती फरशी वाचली असती. त्या घरातल्या आजी मला काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या फुटक्या फरशीकडे बघत राहिल्या. तेव्हापासून माझीही पिशवी दाराशीच थांबते.

आधी प्रश्न

तुमच्या घरात काही अडलं की सर्वात आधी स्वतःला हे विचारा: एकाच ठिकाणी अडलंय की अनेक ठिकाणी?

घरातलं सांडपाणी ओढ्यांसारखं वाहतं. बेसिनचा बारीक पाइप मोरीच्या पाइपला मिळतो, तो पुढे मोठ्या पाइपला, तो चेंबरला, म्हणजे घराबाहेरच्या झाकण असलेल्या हौदाला, आणि चेंबर बाहेरच्या मुख्य वाहिनीला. फक्त बेसिनचं पाणी हळू जात असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर बिघाड बेसिनच्या स्वतःच्या पाइपमध्ये, बहुधा खालच्या बॉटल ट्रॅपमध्येच, म्हणजे पाणी अडवून धरणाऱ्या बाटलीसारख्या भागातच आहे. बेसिन आणि मोरी दोन्ही मंद असतील आणि कमोड व्यवस्थित असेल, तर जिथे ते दोघं एकत्र येतात त्याच्या पुढे आणि जिथे कमोड येऊन मिळतो त्याच्या अलीकडे बघायचं. सगळंच अडलं असेल तर घरात हात घालूच नका, बाहेर चला. ज्या ज्या जागा आजारी आहेत त्या सगळ्यांच्या संगमाच्या खाली आणि ज्या धडधाकट आहेत त्यांच्या संगमाच्या वर, एवढ्याच पट्ट्यात तुंबा असतो. कागदावर रेघा ओढून बघा, एका मिनिटात कळतं.

आणखी एक गोष्ट या ओढ्यांवरूनच समजते. पुढे अडलं की पाणी सर्वात खालच्या तोंडातून वर येतं. म्हणून कमोड फ्लश केल्यावर बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या निचऱ्यातून, घाण वर आली, तर तो ट्रॅप साफ करत बसण्यात अर्थ नाही. तो फक्त सर्वात खाली असल्यामुळे बिचारा आधी भरला.

दुसरा प्रश्न: हे अचानक झालं की महिन्यांपासून वाढत आलं? काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारा कमोड आज सकाळी ठप्प झाला, तर आत वस्तू गेलीय. ओला वाइप, सॅनिटरी पॅड, फ्रेशनरची प्लॅस्टिकची जाळी, मुलाचं खेळणं. पॅकेटवर काहीही छापलेलं असो, वाइप पाण्यात कागदासारखा विरघळत नाही. हळूहळू मंदावलं असेल तर कारण वेगळं: सिंकच्या पाइपमध्ये थिजलेलं तेल, बाथरूममध्ये केस आणि साबण, कमोडमध्ये क्षारांचा थर, बाहेरच्या पाइपमध्ये झाडाची मुळं.

तिसरा: पावसात होतं का? कोरड्या दिवसांत सगळं सुरळीत आणि मोठ्या पावसात मोरी भरते, असं असेल तर पावसाचं पाणी कुठेतरी मैल्याच्या वाहिनीत शिरतंय किंवा बाहेरची मुख्य वाहिनीच तुडुंब आहे. घरातले पाइप कितीही साफ केले तरी पुढच्या पावसात हेच होणार.

आणि चौथा, जो कुणी विचारत नाही: याआधी कधी झालं होतं, आणि तेव्हा काय केलं? दर महिना-दीड महिन्याने त्याच ठिकाणी तुंबत असेल तर तो तुंबा नव्हे, पाइपचा दोष आहे. पाइपला ढाळ नाही, किंवा मधे पाइप खाली बसून त्याला पोट आलंय, किंवा सांध्यातून मुळं शिरलीत. १०० मिलिमीटरच्या मैल्याच्या पाइपला साधारणपणे दर मीटरला २५ मिलिमीटर उतार धरतात. जिथे पोट येतं तिथे हा उतार उलटा होतो, पाणी साचतं, गाळ खाली बसतो. स्प्रिंग, म्हणजे पाइपमध्ये फिरवत घालायची लांब लवचीक तार, मारून वाट मोकळी होते, पण पोट तसंच राहतं. अशा वेळी पाइपमध्ये कॅमेरा सोडणाऱ्याला बोलवा. तो खर्च वारंवार स्प्रिंग मारण्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

चेंबर

घराबाहेर चेंबर असेल आणि तुम्हाला त्याचं झाकण उघडता येत असेल, तर निदानाचं अर्धं काम तिथेच होतं. झाकण उघडल्यावर लगेच वाकून डोकावू नका. आतला वायू निघून जायला थोडा वेळ द्या. विडी, काडेपेटी, मेणबत्ती, काहीही पेटतं जवळ नको.

चेंबर रिकामा आणि घरात तुंबलेलं: अडथळा घर ते चेंबर एवढ्यातच आहे. चेंबर भरलेला: अडथळा चेंबरच्या पुढे आहे, पुढचा चेंबर बघा. भरलेल्या चेंबरनंतर पहिला कोरडा चेंबर जो सापडेल, त्या दोघांच्या मधे स्प्रिंग घालायची. मला अनेकदा असं सापडतं की लोकांनी आठवडाभर कमोडशी झटापट केलेली असते आणि तुंबा अंगणापलीकडे असतो.

चेंबर आत्ता रिकामा असला तरी त्याच्या भिंती बघा. तळातल्या नाळीपेक्षा बरीच वर घाणीची आडवी रेघ दिसली, तर समजा की इथे पाणी चढतं आणि हळूहळू उतरतं. पुढे अर्धवट अडथळा आहे, पूर्ण तुंबायचा तेवढा बाकी आहे. कुठल्या बाथरूमचं पाणी कुठल्या चेंबरला येतं हेच माहीत नसेल, तर बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून ओता आणि दुसऱ्या माणसाला चेंबरपाशी उभं करा. रंग यायला लागणारा वेळही बघून ठेवा. पाइप साफ केल्यावर पुन्हा तीच बादली ओतली की किती फरक पडला ते डोळ्यांना दिसतं.

बादलीची परीक्षा

"फ्लश नीट होत नाही" या एका तक्रारीत दोन अगदी वेगळे आजार असतात. कधी टाकी पुरेसं पाणी देत नाही, तर कधी भांडं पाणी पुढे सोडत नाही. यांतला कुठला, हे ओळखायला हत्यार लागत नाही. सहा-आठ लिटर पाणी बादलीत घ्या आणि कंबरेच्या उंचीवरून एका दमात भांड्यात ओता. भांडं आधीच काठोकाठ असेल तर मात्र हा प्रयोग नको.

बादलीचं पाणी सळसळत सगळं घेऊन गेलं, तर वाट मोकळी आहे, दोष टाकीत. टाकीचं झाकण काढा. मधे उभी ओव्हरफ्लोची नळी दिसेल. पाणी तिच्या तोंडापेक्षा साधारण २५ मिलिमीटर खाली असावं. त्याहून बरंच खाली असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, वर करा. पाण्याची पातळी बरोबर आहे, तरी फ्लश अर्धवटच होतोय? बटण दाबून आत बघत राहा, झडप वेळेआधीच खाली बसत असेल. तीही ठीक असेल तर भांड्याच्या काठाखाली छोटा आरसा धरा. तिथे गोलाकार भोकं असतात आणि क्षाराच्या पाण्यात ती हळूहळू बुजतात. पाणी सगळीकडून न येता एकाच बाजूने वाहत असेल तर हेच कारण. व्हिनेगरमध्ये भिजवलेले कागद रात्रभर तिथे चिकटवून ठेवा आणि सकाळी जाड नायलॉनच्या ब्रशने घासा.

बादलीचं पाणी वर चढलं आणि सावकाश उतरलं, तर वाटेत अडथळा आहे. आणि पाणी दर वेळी सुरळीत जातं, पण कागद किंवा मैला मागे राहतो किंवा फिरून परत येतो, हे लक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. ट्रॅपच्या वळणात काहीतरी कडक वस्तू आडवी बसलेली असते. तिच्या बाजूने पाणी निसटतं, बाकीचं अडकतं. इथे प्लंजरने, म्हणजे दांडा लावलेल्या रबरी पंपाने, जोर केला तर ती आणखी घट्ट बसू शकते. कमोडसाठी वेगळी स्प्रिंग मिळते, वळणावर रबराचं आवरण असलेली, म्हणजे भांड्याला ओरखडे पडत नाहीत. तिने वस्तू अडकवून बाहेर ओढायची. पुढे ढकलायची नाही. साध्या तारेने खुपसून पुढे ढकललेली वस्तू खालच्या वळणात जाऊन बसते आणि मग भांडंच उचलावं लागतं.

तुंबा काढताना

मऊ तुंबा असेल तर आधी साबण. भांडी घासायचा पातळ साबण अर्धा कप ओता, वर हात घालता येईल इतपत गरम पाणी बादलीभर, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. उकळतं पाणी ओतू नका. चिनी मातीचं भांडं एकदम तापलं की तडकतं आणि पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो.

मग प्लंजर. कमोडला खाली रबराची जीभ असलेला लागतो, वाटीसारखा सपाट प्लंजर बेसिन आणि मोरीसाठी. रबर पाण्यात बुडलेलं असलंच पाहिजे. हवा दाबली जाते आणि जोर वाया जातो, पाणी दाबलं जात नाही म्हणून जोर थेट तुंब्यावर पोचतो. पहिला दाब हळू, आतली हवा निघून जाऊ दे. मग पंधरा-वीस वेळा लयीत, आणि ओढताना दाबण्याइतकाच जोर. तुंबा बरेचदा ओढण्याने सुटतो. बेसिनमध्ये वरच्या बाजूला जादा पाणी जायला भोक असतं. ते ओल्या फडक्याने घट्ट बंद केल्याशिवाय प्लंजर मारलात तर सगळा दाब तिथूनच निसटतो. दोन कप्प्यांचं सिंक असेल तर दुसरं तोंडही बंद करा.

आता रसायनांविषयी, कारण यात लोक जखमी होतात. माझ्या मदतनीस मुलाच्या डोळ्यात एकदा कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं. घरच्यांनी टाकलं होतं आणि सांगायचं विसरले होते. आम्ही डोळा नळाखाली धरून धुतला, धुतच राहिलो, आणि तसेच दवाखान्यात पळालो. डोळा वाचला. तेव्हापासून दारात पाऊल ठेवताच माझा पहिला प्रश्न "आत काय टाकलंय?" हा असतो.

बाथरूमचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, क्षाराचा थर विरघळवतं. केस, तेल, कापड, प्लॅस्टिक यांना ते काही करत नाही, आणि तुंबा तर बहुतेक याच गोष्टींचा असतो. उलट फरशांच्या सांध्यातलं सिमेंट ते खातं. दर आठवड्याला ॲसिडने चमकवलेल्या बाथरूमचे सांधे काही वर्षांत पोकळ होतात आणि खालच्या घराचं छत ओलं होतं. कॉस्टिक सोडा केस आणि तेलावर काम करतो, हे खरं. पण पूर्ण तुंबलेल्या पाण्यात तो जागच्या जागी तापतो आणि उरलेला तिथेच थिजून दगड होतो. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले तर पाणी उसळून अंगावर येतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. ब्लीचसोबत अमोनियाही नको, त्यातूनही विषारी वायू निघतो. आणि एकदा रसायन टाकलंत की त्यावर प्लंजर मारायचा नाही, शिंतोडे थेट तोंडावर येतात.

गुडगुड ऐका

बाबा मला टॉर्च धरायला लावून स्वतः डोळे मिटायचे. "फ्लश कर," म्हणायचे, आणि ऐकत राहायचे. पाइपमधला आवाज हवेचा असतो. पाणी खाली जाताना मागे पोकळी सोडतं, तिथे हवा यावी लागते. म्हणून मैल्याचा उभा पाइप गच्चीच्या वरपर्यंत नेऊन उघडा ठेवतात, त्याला व्हेंट म्हणतात. तो बंद पडला की पाणी जवळच्या ट्रॅपमधून हवा ओढून घेतं. बाटलीतून पाणी ओतताना येतो तसा गुडगुड आवाज येतो.

पण गुडगुड दोन कारणांनी होते आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. म्हणून कान झाल्यावर डोळे वापरायचे. नहाणी ट्रॅपची जाळी काढून आतल्या पाण्यावर टॉर्च मारा आणि दुसऱ्याला कमोड फ्लश करायला सांगा.

ट्रॅपमधलं पाणी झपकन खाली ओढलं गेलं, आणि कमोडचं पाणी मात्र वेगाने गेलं: हवा कमी पडतेय. वर जाऊन व्हेंटचं तोंड बघा. पक्ष्याचं घरटं, पाला, कधी रंगकाम करणाऱ्यांनी बांधून ठेवलेली आणि काढायची राहिलेली प्लॅस्टिकची पिशवी. कधी व्हेंट मुळात बसवलेलाच नसतो.

ट्रॅपमधलं पाणी वर उचललं गेलं, बुडबुडे बाहेर आले, आणि कमोड मंदपणे उतरला: पुढे अर्धवट तुंबलंय. पाणी पुढे सरकताना हवेला जागा मिळत नाही म्हणून ती उलटी वर येते. वाट पूर्ण बंद व्हायच्या आधीची ही सूचना आहे. आजच साफ करून घ्या.

उंच इमारतीत तळाच्या घरांना तिसरंच दुखणं असतं. वरून कोसळणारं पाणी उभ्या पाइपच्या पायथ्याशी वळण घेतं तिथे हवा दाबली जाते, आणि तळमजल्याचं भांडं उसळतं. तुमच्या घरात कुणी पाणी वापरत नसतानाही भांड्यातलं पाणी डचमळत असेल, तर वरच्यांच्या फ्लशची वेळ आणि तुमच्या डचमळण्याची वेळ पडताळून पाहा. हे तुमच्या घरात दुरुस्त होत नाही. तळमजल्याचा पाइप वेगळा काढून पुढे चेंबरला जोडावा लागतो.

वास

घरातल्या प्रत्येक निचऱ्याच्या खाली पाइपला वळण दिलेलं असतं आणि त्यात पाणी अडून राहतं. पाइपमधला वायू आणि घर यांच्यामध्ये तेवढंच एक दार असतं. अलेक्झांडर कमिंग या घड्याळं बनवणाऱ्या माणसाने १७७५ मध्ये असं एस आकाराचं वळण असलेल्या शौचकूपाचं पेटंट घेतलं, आणि आजही आपण त्याच युक्तीवर जगतो. त्या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर असते. ते गेलं की वास आलाच.

म्हणून वासाचा शोध म्हणजे कुठल्या ट्रॅपमधलं पाणी गेलंय याचा शोध. पाहुण्यांची बाथरूम महिनोन्‌महिने वापरात नसते, तिथलं पाणी हवेत उडून जातं. बादलीभर पाणी ओता. तासाभरात वास कमी झाला तर निदान झालं. वर चमचाभर खाद्यतेल सोडलंत तर पुढचं पाणी सावकाश उडेल.

रोज वापरात असूनही ट्रॅप कोरडा पडत असेल तर वर सांगितलेलं ओढलं जाणं तपासा. आणि तेही नसेल तर दोरा शोधा. एका घरी रोज पहाटेच वास यायचा, दिवसा नाही. दोघं जाऊन फिनेल ओतून आले होते, एकाने नहाणी ट्रॅप बदलायला सांगितला होता. मी रात्री कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करायला सांगितली. सकाळी पाणी चार बोटं खाली. भांडं फुटलेलं नव्हतं, कारण आजूबाजूची फरशी कोरडी होती आणि रंग टाकून पाहिला तरी बाहेर कुठे आला नाही. स्प्रिंग फिरवल्यावर पोछ्याच्या सुती दोऱ्यांचा झुबका हाताला लागला. वळणाच्या उंचवट्यावरून तो पलीकडे लोंबत होता. एक टोक पाण्यात, दुसरं पाइपमध्ये, आणि रात्रभर दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढून पलीकडे टपकवत होता. दिवसा फ्लश होत राही म्हणून पाणी भरून यायचं. नहाणी ट्रॅपमध्ये हेच काम केसांचा गुंता करतो.

ट्रॅप भरलेले आहेत, तरी वास येतोय? मग सांधे बघा. वॉशिंग मशीनचा पाइप भिंतीतल्या मोठ्या भोकात नुसता खुपसलेला असतो आणि भोवतीची फट उघडी असते, हे मी सर्वात जास्त पाहते. सिंकखालचा लवचीक पाइप मोरीच्या पाइपमध्ये सैल घातलेला, तेही तसंच. कमोडच्या बुडाशी वास असेल तर भांडं दोन्ही हातांनी हलकेच हलवून पाहा. डुगडुगलं तर खालची सील गेली. मोरीजवळ बारीक केसाळ माश्या दिसत असतील तर रात्री जाळीवर चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून, हवेला फट ठेवून लावा. सकाळी माश्या चिकटलेल्या असतील तर त्या त्याच पाइपमधल्या चिकट थरात वाढतायत. तो थर ब्रशने खरवडून काढावा लागतो, नुसती औषधं ओतून जात नाही.

सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो जोराने येत होता आणि एकाएकी येईनासा झाला, तर वायू गेला असं समजू नका. जास्त प्रमाणात हा वायू नाकच बधिर करतो. खोलीबाहेर पडा.

टाकी वाहतेय का

याला अर्धा तास पुरतो. टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालची झडप किंवा वॉशर गळतोय. रंग उतरला नाही तरी टाकीत भरण्याचा आवाज चालूच असेल, तर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जातंय का पाहा, भरण्याचा व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. रात्री कुणी न जाता फ्लशची टाकी आपोआप दोन सेकंद भरते, ती पहिल्या प्रकारातली. वॉशर बदलायच्या आधी झडपेची बैठक बोटाने फिरवून पुसा. अनेकदा तिथे क्षाराचा एक कण असतो, बाकी काही नाही.

ओल

वरच्या छताला किंवा भिंतीला ओल आली की एकच गोष्ट आधी ठरवा: हे येणारं पाणी आहे की जाणारं? येणाऱ्या पाण्याच्या पाइपमध्ये दाब चोवीस तास असतो, म्हणून ओल सतत असते. जाणारं पाणी वापरलं तरच गळतं, म्हणून ओल वाढते-कमी होते. सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाकीचे कॉक बंद करा, मीटर बघा. काटा हलला तर येणाऱ्या पाइपची गळती.

मीटर स्थिर असेल तर एकेक वापर बंद करून पाहा. दोन दिवस शॉवर नाही, फक्त कमोड. मग उलट. प्रत्येक वेळी ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा. शेवटी नहाणी ट्रॅपचं तोंड बूच लावून बंद करा आणि जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी एक दिवस उभं ठेवा. ओल वाढली तर पाणी फरशीच्या सांध्यांतून उतरतंय. वाढली नाही आणि बूच काढून पाणी सोडल्यावर वाढली, तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा. खाली कुणी राहत असेल तर आधी सांगून ठेवा. हे सगळं करायला आठवडा जातो, पण फरशी एकाच जागी फोडावी लागते.

कमोडच्या टाकीखाली पाणी दिसलं तर लगेच गळती म्हणू नका. दमट दिवसांत थंड टाकीला घाम येतो. टाकी पुसून कोरडी करा, खालच्या नट-बोल्टांना कोरडा टिश्यू गुंडाळा. फक्त तिथलाच टिश्यू भिजला तर वॉशर, सगळा पृष्ठभाग ओला झाला तर घाम.

माणसाला बोलावताना

मला फोनवर "तुंबलंय" एवढंच कळलं तर मी सगळी हत्यारं घेऊन येते आणि तासभर शोधते. "कमोड, मोरी, बेसिन तिन्ही, तीन आठवड्यांपासून मंद, पहिला चेंबर भरलेला, दुसरा कोरडा, काहीही टाकलेलं नाही" असं कळलं तर मोठी स्प्रिंग घेऊन येते आणि थेट चेंबरपाशी जाते. तुमच्याकडे सेप्टिक टँक असेल तर तो शेवटचा कधी उपसला तेही सांगा. घरातलं सगळंच मंद झालं असेल आणि उपसून कित्येक वर्षं झाली असतील, तर आधी तेच.

त्या टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये कुणी उतरायचं नाही. पडलेली वस्तू काढायला नाही, एका मिनिटासाठी नाही, आत कोसळलेल्या माणसाला काढायलासुद्धा नाही. आतल्या वायूने पहिला माणूस कोसळतो आणि मग त्याला वाचवायला गेलेला दुसरा. उपसणं यंत्राने आणि बाहेरूनच होतं. कुणी "पटकन उतरून काढतो" म्हणाला तर त्याला नाही म्हणा, तो कितीही आग्रह करो. उघड्या झाकणापाशी कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे, मुलं आजूबाजूला असतील तर विशेष. आणि काम झालं की झाकण जागेवर बसलं ना, हे पायाने दाबून पाहा आणि मगच हात धुवायला जा.